सात सीटर घेताय? आधी शेवटच्या रांगेत बसून बघा

पत्र: "दादा नमस्कार, आम्ही चिंचवडला राहतो, घरात सहा माणसं. मी, मिस्टर, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ ची, सासरे ७४ आणि सासूबाई ६८, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालंय. आत्ता जुनी हॅचबॅक आहे, त्यात सगळे मावत नाहीत म्हणून गावाला जाताना दोघं एसटीने आणि बाकीचे गाडीने असं चालतं. गाव संगमेश्वर तालुक्यात. गणपती, शिमगा आणि मे महिना या तीन फेऱ्या ठरलेल्या, कधीकधी नणंदही बरोबर असते. मिस्टरांचं ऑफिस ९ किलोमीटरवर हिंजवडीला, रोज गाडी नेणार. बजेट ऑन-रोड २२ लाख, त्यातले १२ लोन. त्यांच्या मनात डिझेल सफारी आहे, मला वाटतं एवढी मोठी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावायची कशी, सासूबाई म्हणतात मला चढता आलं म्हणजे झालं. तीन शोरूम फिरलो तर डोकं आणखीनच फिरलं. नक्की काय बघून ठरवायचं?"

ताई नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि त्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य सासूबाईंचं वाटलं. सात सीटर घेताना बहुतेक घरात काय होतं, जो चालवणार तो पुढे बसतो, स्टिअरिंग धरतो, स्क्रीन केवढी ते बघतो, सनरूफ उघडून बघतो, आणि मागच्या रांगेत कोणी बसतच नाही. सेल्समन तिसरी रांग पाडून दाखवतो आणि म्हणतो बघा सर केवढा बूट आहे. अहो पण ती जागा सीट पाडल्यावरची. तुम्ही सहा जण आहात, सगळे मिळून कुठेही निघालात की ती रांग वर असणार आणि दोन माणसं त्यात बसलेली असणार. ज्या घरात चार माणसं आणि वर्षातून एकदा पाहुणे त्यांना तिसऱ्या रांगेचं एवढं मनावर घ्यायची गरज नाही, तुम्हाला आहे.

माझ्या घरी ही चूक झालीये म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एक उंच सात सीटर घेतली, टेस्ट ड्राइव्हला मी आणि भाऊ दोघंच, तेही रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर. गाडी घरी आली, हार घातला, नारळ फोडला आणि आईला चढताच येईना. मग प्लॅस्टिकचं एक छोटं स्टूल आणलं आणि ते कायम गाडीत राहिलं. हळूहळू आई कुठे यायचंच टाळायला लागली, तुम्ही जा मी घर बघते म्हणायची, आम्हाला वाटलं वय झालं. खूप नंतर तिने सांगितलं की देवळापाशी, हॉटेलपाशी, चारचौघांत ते स्टूल काढून चढायला तिला नको वाटायचं. तुमच्या घरी असं व्हायला नको.

म्हणून पहिली परीक्षा सासूबाईंची. त्यांना फोटो दाखवून होणार नाही, शोरूमला घेऊनच जा. मधल्या रांगेचं दार पूर्ण उघडायचं, त्यांना सीटकडे पाठ करून उभं करायचं. गुडघे बदलल्यावर फिजिओवाले शिकवतात ना तसं, आधी मागे टेकून बसायचं आणि मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे. सीटची कड मांडीच्या वरच्या भागाला लागली तर त्या नुसत्या टेकतील आणि बसतील. कड कमरेच्या वर गेली तर चढावं लागेल, आणि फार खाली असली तर गुडघा जास्त वाकवावा लागेल, दोन्ही वाईटच. असं तीन वेळा आत-बाहेर करू द्या कारण पहिल्यांदा माणूस उत्साहात बसतो, तिसऱ्यांदा खरं काय ते कळतं. हात धरायला हँडल कुठे आहे तेही बघा. स्कॉर्पिओ-एनसारखी चासीवर बॉडी बसवलेली गाडी मजबूत असते, रस्ता सोडूनही चालते, पण तिचा फ्लोअर उंच असतो आणि तुमच्या घरासाठी मी ती यादीतूनच काढतो. बाकी सफारी, एक्सयूव्ही७००, अल्काझार, कॅरेन्स, इनोव्हा हायक्रॉस या सगळ्या मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि चासी एकसंध असलेल्या, तरी त्यांच्यातही उंचीचा फरक आहे, सफारीत बसताना आणि कॅरेन्समध्ये बसताना सासूबाईंनाच जाणवेल.

आता शेवटच्या रांगेत कोण बसणार ते विचार करा. तुम्ही लिहिलं नाहीये पण मला दिसतंय. पुढे मिस्टर आणि सासरे. मध्ये सासूबाई. मुलगी ६ ची, म्हणजे तिला बूस्टर सीट हवी, आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, हूक बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेच्या कडेच्या सीटलाच असतात, म्हणजे तीही मध्ये. मग शेवटी कोण उरतं, मुलगा आणि तुम्ही. आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होतं, घरातली बाई शेवटच्या रांगेत, पायाशी डब्याची पिशवी, मांडीवर कोणाचं तरी जर्किन, आणि गाडी निवडताना तिला तिथे बसवून विचारलेलं नसतं. म्हणून तुम्ही स्वतः त्या रांगेत वीस मिनिटं बसा. पाच नाही, वीस, आणि पुढची सीट पुढे ढकलून नाही तर सासूबाईंना जशी लागते तशी मागे ठेवून. तिसऱ्या रांगेत खरा त्रास गुडघा पुढच्या सीटला लागण्याचा नसतो, फ्लोअर उंच आणि सीट खाली असते त्याचा असतो, गुडघे छातीकडे येतात आणि मांडी सीटवरून उचललेली राहते, सगळं वजन कमरेवर. बसल्यावर मांडीखाली हात घालून बघा, सगळी मूठ आरामात सरकत असेल तर कुंभार्ली घाट उतरेपर्यंत पाठ बोलायला लागेल.

आणि मिस्टरांनाही तिथे बसवा. ते म्हणतील मी कुठे मागे बसणार आहे. गाडी आपण दहा वर्षं ठेवतो, मुलगा आत्ता ११ चा आहे, चार वर्षांत तो वडिलांच्या खांद्याला लागेल आणि त्यानंतरची सगळी वर्षं त्या सीटवर आत्ताचा मुलगा नाही तर मिस्टरांच्या उंचीचा माणूस असेल.

मधल्या रांगेत कॅप्टन सीट, म्हणजे मध्ये वाट ठेवून दोन सुट्या खुर्च्या, घ्यायच्या की सलग बाकडं, यावर शोरूमवाला तुम्हाला आर्मरेस्ट आणि आरामाचं सांगेल पण तुमच्यासाठी मुद्दा वेगळाच आहे. बाकडं असलं की मागे जाणारा माणूस मधल्या रांगेची सीट पुढे पाडून जातो, बहुतेक गाड्यांत ती डावीकडची सीट असते. म्हणजे दर चहाला, दर लघवीला, सासूबाई डावीकडे बसल्या असतील तर त्यांनी आधी उतरायचं, मग मागच्यांनी. त्यांना उजवीकडे बसवलं तर उतरताना ट्रॅफिकच्या बाजूला उतरावं लागतं, हायवेच्या कडेला ते धोक्याचं आहे. कॅप्टन सीट असल्या की मधल्या वाटेने मुलगा सरळ मागे जातो, आजीला हलायला नको. तोटा एकच, बहुतेक गाड्यांत मग सहाच सीट उरतात, नणंद आली तर जागा नाही, आणि सातवं माणूस मांडीवर किंवा मधल्या वाटेत खाली बसवून घाटातून जायचं हे मी कधीच सांगणार नाही. नणंद वर्षातून एकदोनदाच येत असेल तर कॅप्टन सीटच घ्या. दर फेरीला येत असेल तर बाकडं, आणि मग डावीकडची सीट पाडायला किती जोर लागतो ते बघा, कॅरेन्समध्ये ती बटण दाबून पडते, ही सोय वाटते तेवढी छोटी नाही.

घाटाचं एक सांगतो. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा मागे येते, त्यामुळे वळणावर तिथे झोका जास्त बसतो आणि खड्डाही तिथेच जोरात लागतो. तुम्ही कऱ्हाड-पाटणवरून कुंभार्ली उतरा किंवा ताम्हिणीतून माणगावला जा, वळणं दोन्हीकडे आहेत. मुलाला गाडी लागत असेल तर छोटी काच आणि उंच पाठीच्या सीटमागे कोंडल्यासारखं बसणं म्हणजे उलटी ठरलेलीच. मागची काच मोठी हवी, बाहेरचा रस्ता दिसायला हवा, आणि एसीचा झोत मागच्या रांगेला वेगळा हवा. टेस्ट ड्राइव्हला दुपारी बाराला जा, गाडी उन्हात उभी असलेलीच मागा, आणि मागे बसून बघा गार व्हायला किती वेळ लागतो. काळं इंटिरियर आणि वर पॅनोरमिक सनरूफ, मे महिन्यात तिसऱ्या रांगेला काय होतं ते तेव्हाच कळेल.

टेस्ट ड्राइव्ह सहा जणांची घ्या. शोरूमवाले कुरकुर करतील, करू देत, बावीस लाख तुमचे आहेत. एकटा माणूस आणि सेल्समन बसल्यावर सगळ्याच गाड्या पळतात, सहा माणसं आणि एसी चालू ठेवून चढावर थांबवून पुन्हा उचलली की इंजिनाची तब्येत कळते. जमलं तर कात्रजचा जुना घाट किंवा जवळचा कुठलाही चढ निवडा. एर्टिगाचं दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन शहरात गोड चालतं, अ‍ॅव्हरेजही देतं, पण सहा माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना ते धापा टाकतं. कॅरेन्स आणि अल्काझारच्या दीड लिटर टर्बो पेट्रोलला १६० पीएसची ताकद आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

सामान. हा मुद्दा तुमच्या घरासाठी सगळ्यात मोठा आणि याच्यावर शोरूममध्ये कोणी बोलत नाही. तिन्ही रांगा वर असताना सफारीच्या डिकीत ७३ लिटर जागा उरते, म्हणजे शाळेची दोनतीन दप्तरं. एक्सयूव्ही७०० चंही मागे तसंच, फार काही उरत नाही. एर्टिगात २०९ लिटर, कॅरेन्समध्ये २१६, इनोव्हात ३०० च्या आसपास. सहा माणसांचे चार दिवसांचे कपडे, सासऱ्यांची औषधं, गणपतीला जाताना मखराचं सामान आणि येताना गावाहून तांदूळ, कोकम, मे महिन्यात फणस आणि आंब्याच्या पेट्या, हे कुठे ठेवणार. टपावर कॅरिअर लावता येतो पण टपाला वजनाची मर्यादा असते, कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते ती वाचा, वर वजन गेलं की वळणावर गाडी जास्त कलते आणि गणपतीत तर पाऊस असतोच, ताडपत्री बांधण्यात अर्धा तास जातो. घरातली सगळ्यात मोठी बॅग बरोबर न्या आणि तिन्ही रांगा वर ठेवून डिकी बंद करून दाखवा म्हणा. याच कारणासाठी सीएनजी नको, टाकी तिथेच येते.

पार्किंगची तुमची शंका बरोबर आहे, टेप घेऊन खाली उतरा. सफारीची रुंदी १९२२ मिलिमीटर, एक्सयूव्ही७०० ची १८९०, कॅरेन्स आणि अल्काझार १८००, एर्टिगा १७३५, आणि हे सगळं आरसे सोडून. तुमची पार्किंगची पट्टी समजा २.४ मीटर रुंद असली तर सफारी लावल्यावर दोन्ही बाजूंना मिळून ४८ सेंटिमीटर उरतात, कॅरेन्सला ६०. दोन्हीत सासूबाईंना आधी लिफ्टपाशी उतरवावंच लागणार, पण मिस्टरांना रोज रात्री दार उघडून बाहेर निघायचंय आणि शेजाऱ्याच्या दाराला ओरखडा न घालता निघायचंय, तिथे हे बारा सेंटिमीटर कामाला येतात. खांब कुठे येतो तेही बघा. आणि गावातल्या घराकडे जाणारी पाणंद किती रुंद आहे, समोरून गाडी आली तर मागे कुठपर्यंत यावं लागतं, तेही आठवून बघा.

आता डिझेल. मिस्टर रागावतील पण तुमच्या वापराला डिझेल बसत नाही. बीएस६ डिझेल गाडीला डीपीएफ नावाचा फिल्टर असतो, धुरातली काजळी त्यात साठते आणि सायलेन्सर चांगला तापला की ती आतल्या आत जळून जाते. वाकड-हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये नऊ किलोमीटर रांगत जाणारी गाडी तेवढी तापतच नाही, काजळी साठत जाते, मग दिवा लागतो, मग हायवेवर एका वेगात पंधरावीस मिनिटं पळवून आणावी लागते, नाही केलं तर सर्व्हिस सेंटर आणि खर्च. शिवाय बऱ्याच डिझेल गाड्यांत अ‍ॅडब्लू नावाचं धूर स्वच्छ करणारं द्रव वेगळं भरत राहावं लागतं. पैशाचंही बघू. रोजचे १८ किलोमीटर धरून ऑफिसचे वर्षाला साडेचार हजार, गावच्या तीन फेऱ्या आणि बाकी फिरणं धरून आठ हजार किलोमीटर होतात. पेट्रोल लिटरला ११ देईल आणि डिझेल १४, पेट्रोलचा भाव १०४ आणि डिझेलचा ९१ धरला तर डिझेलने वर्षाला साधारण चोवीस हजार वाचतात. तेच व्हेरियंट डिझेलमध्ये लाख-दीड लाखाने महाग, वर आपल्या महाराष्ट्रात रोड टॅक्स जास्त, दहा ते वीस लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ टक्के आणि डिझेलवर १४. अठरा लाखांच्या गाडीवर एवढ्यानेच ३६ हजारांचा फरक. वसूल व्हायला सहासात वर्षं जातात. मिस्टरांची बदली होऊन महिन्याला दोन हजार किलोमीटर हायवे चालू झाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा डिझेलसारखं काही नाही.

बजेटचं इथेच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी झाला, तो एक्स-शोरूममध्ये धरलेला असतो. त्याच्यावर रोड टॅक्स, इन्शुरन्स आणि एक टक्का टीसीएस, म्हणजे शोरूम आधीच घेतं तो इन्कम टॅक्स, जो तुम्हाला इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परत मिळतो, तो विसरू नका. सगळं मिळून २२ लाख ऑन-रोडमध्ये पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम साडेअठरा लाखांच्या आसपासच बसते. वीस लाखांच्या वर गेलात की टॅक्सचा दर आणखी एक टक्का वाढतो आणि तो पूर्ण किमतीवर लागतो. इन्शुरन्स शोरूमचाच घ्यायची सक्ती नसते, बाहेरून तसंच कोटेशन काढा, झिरो डेप (पार्ट बदलताना घसारा कापत नाहीत तो) धरून, आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवून बोला.

सेफ्टी मी मुद्दाम शेवटी ठेवली कारण तिथे निवड अवघड होते. सफारीला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत २०२३ साली मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीकडे ५ स्टार मिळाले, एक्सयूव्ही७०० ला २०२१ मध्ये मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ४, हायक्रॉसला भारत एनकॅपमध्ये ५. कॅरेन्सला २०२२ मध्ये ३ होते. मिस्टरांचा सफारीचा हट्ट यामुळे असेल तर त्यात तथ्य आहे आणि त्यांना तसं सांगा. पण एक गोष्ट दोघांनीही लक्षात घ्या, या चाचण्यांत डमी पुढे आणि मधल्या रांगेत बसवतात, तिसऱ्या रांगेत नाही, आणि मागून धडक देऊनही बघत नाहीत. म्हणजे ते स्टार तुमच्या मुलाच्या सीटबद्दल थेट काही सांगत नाहीत. ते तुम्हालाच बघायचंय, मागे बसल्यावर डोकं आणि डिकीची काच यात किती अंतर उरतं, हेडरेस्ट डोक्यापर्यंत येतं का, पडदा एअरबॅग (बाजूच्या काचांवर उघडते ती) तिसऱ्या रांगेपर्यंत आहे का, आणि ती तुम्ही घेताय त्या व्हेरियंटमध्ये आहे का, टॉप मॉडेलचं ब्रोशर बघून नाही. आणि पट्टा सगळ्यांनी, मागेही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, गाडी भारीतली होती, ते मागे होते आणि पट्टा लावलेला नव्हता. १४ वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा चाइल्ड सीट ही कायद्यानेच सक्ती आहे, हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी नाही हो.

तर माझं मत. पहिली हायक्रॉसच्या साध्या पेट्रोलची, हायब्रिड नाही ती बजेटबाहेर जाते, खालच्या व्हेरियंटची ऑन-रोड किंमत काढा. ती तुमच्या बजेटच्या अगदी काठावर येईल, पण तिसऱ्या रांगेत मोठा माणूस बसतो आणि मागे बॅगाही राहतात असं तिथेच आहे. लांबी ४७५५ मिलिमीटर आहे, पट्टी तेवढी लांब आहे का मोजा. सनरूफ नसेल, सीट साध्या कापडाच्या असतील, चालेल, अडचणीच्या गाडीच्या टॉप मॉडेलपेक्षा ऐसपैस गाडीचं साधं मॉडेल तुमच्या घराला जास्त सुख देईल असं मला मनापासून वाटतं. ती नाही जमली तर कॅरेन्स क्लॅव्हिसचं (कॅरेन्सचंच नवं रूप) टर्बो पेट्रोल, सहा सीटचं, सासूबाईंच्या गुडघ्याला तेच सगळ्यात सोपं जाईल असा माझा अंदाज. आणि मिस्टर स्टारवर अडून बसले तर एक्सयूव्ही७०० पेट्रोल (आता तिच्या जागी एक्सयूव्ही ७एक्सओ आलीये), मग सामानासाठी कॅरिअर हे आधीच मान्य करून. सफारी वाईट गाडी नाही, चार जणांच्या घरात मी हसत घे म्हटलं असतं.

येत्या शनिवारी सगळे जा, दुपारी. सासूबाई, मोठी बॅग, बूस्टर सीट आणि टेप बरोबर. त्या दिवशी बुकिंग करू नका, "आजच्या आज ऑफर संपतेय" म्हणाले तरी. आणि गाडी ठरली की ताब्यात घ्यायच्या आधी, नंबर पडायच्या आधी, स्टॉकयार्डला जाऊन दिवसाउजेडी बघून या. चासी नंबरवरून कुठल्या महिन्याची आहे ते विचारून घ्या, टायरवर चार आकडे असतात त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, पाचही टायरचे बघा, आणि तिसऱ्या रांगेचे दोन्ही पट्टे ओढून लावून बघा, नव्या गाडीत ते कित्येकदा सीटखाली अडकलेले असतात आणि पहिल्या प्रवासाच्या दिवशी पहाटे चारला सापडत नाहीत.